दुहेरीची विद्या मागे ठेवा : रोहन बोपण्णा यांना खुले पत्र

श्री. रोहन बोपण्णा यांस,



१ नोव्हेंबर २०२५ रोजी तुम्ही टेनिसमधून निवृत्ती जाहीर केलीत. त्यानंतरच्या दिवसांत तुमच्याविषयी जे काही छापून आलं, ते मी मिळेल तसं वाचलं. सगळीकडे सूर साधारण एकच होता : त्रेचाळिसाव्या वर्षी जगात पहिला क्रमांक, जिद्द असेल तर वय आडवं येत नाही. कौतुक मनापासूनचं होतं आणि तुम्हाला ते मिळायलाच हवं होतं. तरी वाचताना चुटपुट लागून राहिली. जिद्द पुष्कळांकडे असते. जिद्द असूनही विशी-पंचविशीत रॅकेट खुंटीला टांगून नोकरीला लागलेली मुलं आमच्या भागात कितीतरी आहेत. तुमच्याकडे जिद्दीच्या जोडीला एक विद्या होती, दुहेरी खेळण्याची. तिच्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. म्हणून हे पत्र.

मी कृष्णाकाठच्या एका जिल्ह्याच्या गावी टेनिस क्लबचं काम पाहतो. बारा, चौदा, सोळा वर्षांखालच्या मुलामुलींच्या स्पर्धा भरवतो. ड्रॉ काढणं, पंच मिळवणं, मातीच्या कोर्टावर पाणी मारून घेणं आणि हरलेल्या मुलांच्या आईबापांची समजूत काढणं, हे सगळं त्यात आलं. पत्र मराठीत लिहितोय, कारण ते तुमच्याइतकंच इथल्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनीही वाचावं असं वाटतं. तुम्हाला कुठे अडलं तर समजावून सांगायला आशियाई खेळांतल्या तुमच्या जोडीदार ऋतुजा भोसले आहेतच.

२७ जानेवारी २०२४ चा सामना घेतो. मेलबर्न, ऑस्ट्रेलियन ओपन, पुरुष दुहेरीची अंतिम लढत. तुमच्या जोडीला मॅथ्यू एबडेन, समोर सिमोन बोलेली आणि आंद्रेआ वावासोरी हे इटालियन. पहिला सेट सहा-सहा असा अडकला. मग टायब्रेक आला आणि तो तुम्ही ७-० असा उचललात. सात-शून्य म्हणजे समोरच्यांच्या सर्व्हिसवरचे किमान तीन पॉइंट एकही न सोडता काढून घेणं. दुसऱ्या सेटच्या अखेरीस सर्व्हिस भेदून ७-५. क्लबच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेली आमची मुलं तुमच्या प्रत्येक बिनतोड सर्व्हिसला टाळ्या देत होती. मी मागून सांगत होतो, सर्व्हिस करणाऱ्याकडे पाहू नका रे, नेटवरच्या माणसाकडे पाहा.

तो पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो. सर्व्हिस कुठे पडणार आणि ती पडल्यावर मी कुठे जाणार, हे बॉल हवेत उडण्याआधीच ठरलेलं असतं. कधी तो मधल्या रेषेवर जवळजवळ उकिडवा बसतो. डावीकडे उठणार की उजवीकडे, हे परतीचा फटका मारणाऱ्याला शेवटपर्यंत कळू द्यायचं नसतं. परतवणाऱ्याला विचाराला वेळच नाही. फटका जरा उंच गेला की नेटवरचा तो खाऊन टाकणार. म्हणून तो बॉल खाली ठेवतो, पुढे धावत येणाऱ्या सर्व्हरच्या बुटांपाशी घालतो. सर्व्हरला मग वाकून हाफ व्हॉलीवर बॉल उचलावा लागतो. तो थोडा जरी तरंगला तरी समोरचा दुसरा गडी त्यावर झडप घालायला टपलेला. चौघांपैकी कुणाचे पाय आधी हलले, यावर पॉइंट जातो. हे सगळं तीन-चार फटक्यांत उरकतं. एकेरीतल्या लांबलचक रॅली पाहायला सरावलेल्या डोळ्यांना यात काही घडलेलंच दिसत नाही. तुमची सर्व्हिस जबरदस्त होती यात वाद नाही. पण सर्व्हिस तर तुमच्याकडे विसाव्या वर्षीही होती. चाळिशीनंतर जी भर पडली ती या तीन-चार फटक्यांच्या जाणतेपणाची.

हे तुम्ही शिकलात कुठे, असा प्रश्न मला पडतो. कोडगू म्हणजे हॉकीचा मुलूख. तिथल्या घराघरांतून हॉकी खेळली जाते, घराण्याघराण्यांची मोठी स्पर्धा भरते. तुमच्या वडिलांचे कॉफीचे मळे. मुलाने सांघिक खेळापेक्षा एकट्याच्या बळावरचा खेळ खेळावा, ही त्यांची इच्छा. म्हणून अकराव्या वर्षी टेनिस. निरोपाच्या निवेदनात तुम्हीच सांगितलंत की सर्व्हिसला ताकद यावी म्हणून लाकडं फोडायचो, दम वाढावा म्हणून कॉफीच्या मळ्यांतून धावायचो, भेगा पडलेल्या कोर्टांवर खेळायचो. वडिलांनी एकट्याचा खेळ निवडला आणि मुलाने नाव काढलं ते जोडीच्या खेळात. मला हे फार आवडतं.

२००३ मध्ये तुम्ही व्यावसायिक झालात. एकेरीत तुमची सर्वांत वरची क्रमवारी २१३, तीही २००७ सालची. ज्यांना हा आकडा मोठा वाटतो त्यांना सांगायला हवं की त्या जागी विमानाचं तिकीट, हॉटेल आणि प्रशिक्षकाचा पगार स्पर्धेच्या कमाईतून भागवणं मोठं अवघड असतं. त्या सुमारास पुष्कळ जण थांबतात. तुम्ही हळूहळू दुहेरीकडे वळलात. एकेरी जमली नाही म्हणून दुहेरी, असं लोक सहज बोलून जातात. मी तसं म्हणणार नाही, आणि त्याचं कारण चेन्नई.

सप्टेंबर २०१०. डेव्हिस करंडक, समोर ब्राझील, जागतिक गटात टिकून राहण्यासाठीची लढत. जेमतेम आठवड्यापूर्वी तुम्ही न्यूयॉर्कला अमेरिकन ओपनच्या पुरुष दुहेरीची अंतिम फेरी खेळला होतात. ब्रायन बंधूंनी दोन टायब्रेकमध्ये तुम्हाला हरवलं होतं. तिथून निघून तुम्ही थेट चेन्नईच्या उकाड्यात उतरलात, आणि उतरलात ते एकेरीत. पहिल्या दिवशी थोमाझ बेलुचीशी पाच सेट झुंजून हरलात. सोमदेव देववर्मनही हरला. भारत ०-२. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी दुहेरी जिंकली, बेलुचीने सोमदेवविरुद्धचा सामना अर्ध्यावर सोडला, २-२ झाले. निर्णायक पाचव्या सामन्यात रिकार्डो मेल्लोसमोर तुम्ही उभे राहिलात आणि सरळ तीन सेटमध्ये जिंकलात. एकेरीच्या क्रमवारीत फार वर न गेलेल्या माणसाने एकेरीचाच सामना जिंकून देशाला जागतिक गटात टिकवलं. तुमच्या कारकिर्दीतला एकच दिवस आमच्या मुलांना दाखवायचा झाला तर मी मेलबर्नचा नाही, चेन्नईचा दाखवीन.

त्याच वर्षी तुमच्या जोडीला पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी होता. विम्बल्डनला दोघांच्या अंगात युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा अशा अर्थाचे शब्द लिहिलेली जॅकेटं होती. वाघा सीमेवर नेट बांधून एकाने भारताच्या बाजूने आणि दुसऱ्याने पाकिस्तानच्या बाजूने खेळावं, अशी इच्छा तुम्ही दोघांनी बोलून दाखवली होती. अमेरिकन ओपनच्या त्या अंतिम सामन्याला दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रसंघातले राजदूत एकत्र बसले होते. तो सामना सीमेवर कधी झाला नाही. आजच्या हवेत तशी इच्छा जाहीरपणे बोलायलाही धीर लागेल. तुम्ही दोघांनी ती बोलून दाखवलीत, याचा एक खेळवेडा म्हणून मला अभिमान आहे. दोन टोकांची माणसं एका बाजूला उभी राहिली तर एकमेकांची पाठ राखतात, हे दुहेरी खेळणाऱ्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

आता जरा अवघड विषय. २०१२ चं लंडन ऑलिंपिक. टेनिस संघटनेने लिअँडर पेस आणि महेश भूपती ही जोडी ठरवली, भूपतींनी नकार दिला, तुम्हीही पेस यांच्याबरोबर खेळायला तयार झाला नाहीत. शेवटी दोन जोड्या गेल्या, पदक कुणालाच मिळालं नाही, आणि परत आल्यावर संघटनेने तुम्हा दोघांवर दोन वर्षांची बंदी घातली. तिला कर्नाटक उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्या उन्हाळ्यात देशभर एकच बोललं जात होतं, देशासाठी यांना अहंकार बाजूला ठेवता येत नाही का? मला मात्र तुमची भूमिका पटली होती आणि आजही पटते. क्रमवारीच्या यादीतली वरची दोन नावं एका कागदावर लिहिली की जोडी होते, असं समजणाऱ्यांनी दुहेरी कधी नीट पाहिलेली नसते. जोडी महिनोन् महिने एकत्र प्रवास करून, एकत्र हरून बनते. कुणाचा लॉब कुणी घ्यायचा, मधून आलेला बॉल कुणाचा, आपला माणूस चिडला की त्याच्याशी बोलायचं की गप्प राहायचं, हे आदेशाने कळत नाही. २०१६ ला रिओच्या वेळीही तेच झालं. तुम्ही साकेत मायनेनीचं नाव दिलं, संघटनेने पेस यांच्याबरोबर पाठवलं, आणि तुम्ही पहिल्याच फेरीत कुबोत आणि मात्कोव्स्कीकडून हरलात. पेस यांच्या थोरवीबद्दल कुणी शंका घेऊ नये. अटलांटाचं त्यांचं कांस्य आमच्या पिढीने डोळ्यांत साठवलं आहे. प्रश्न दोन थोर खेळाडूंची जोडी कार्यालयात बसून लावण्याचा होता. त्याच रिओत सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीत तुम्ही चौथे आलात, उपांत्य सामना आणि मग कांस्यपदकाचा सामना हरून. सानिया चौदा वर्षांची असताना तिचे पहिले मिश्र दुहेरीचे जोडीदार तुम्हीच होता. २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला, तिच्या शेवटच्या ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीतही तिच्या शेजारी तुम्हीच होता.

मधल्या वर्षांत तुमचे जोडीदार किती बदलले! भूपती, मेर्गिया, क्युवास, शापोवालोव्ह, शरण, मिडलकूप. भूपतींबरोबर आणि मेर्गियाबरोबर वर्षअखेरच्या एटीपी फायनल्सची अंतिम फेरी गाठलीत, दोन्हीदा हरलात. २०१७ ला फ्रेंच ओपनमध्ये कॅनडाच्या गॅब्रिएला दाब्रोव्स्कीबरोबर मिश्र दुहेरीचं विजेतेपद आलं, पहिला सेट गमावून, मॅच पॉइंट वाचवून, सुपर टायब्रेकमध्ये १२-१०. तेव्हा तुम्ही सदतीस वर्षांचे होता. सगळ्यांना वाटलं, छान झालं, आता माणूस समाधानाने थांबेल.

आणि मग गुडघे. तुमच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती. दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेऊन तुम्ही खेळत होता, हे तुम्हीच सांगितलं आहे. २०२१ मध्ये महिनोन् महिने एकही सामना जिंकता आला नाही. पोर्तुगालमधल्या एस्टोरिलला समुद्राकडे बघत बसला असताना, हे सगळं मी कशासाठी करतोय, असा विचार मनात आला होता, असंही तुम्ही नंतर बोललात. इथे पुण्याचा संबंध येतो आणि तो मला मोलाचा वाटतो. करोनाच्या काळात बंगळुरूत तुम्ही अय्यंगार योग शिकायला लागलात. बी. के. एस. अय्यंगार मूळचे कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे. १९३७ साली शिकवण्यासाठी पुण्याला आले ते कायमचे. भिंतीला बांधलेले दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या यांचा आधार देऊन, ज्याचं शरीर दुखतं त्यालाही आसनात नीट उभं करायचं, ही पद्धत त्यांनी इथे आयुष्य घालवून घडवली. कर्नाटकातून पुण्यात आलेली ही विद्या जगभर फिरली आणि बंगळुरूत तुमच्या गुडघ्यांच्या कामी आली. गोळ्या सुटल्या, पायांच्या स्नायूंनी सांध्यांचा भार उचलला, हालचालीत स्थैर्य आलं. वय आडवं येत नाही असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं. वय आडवं येतंच. तुम्ही त्याच्यावर रोज, शिस्तीने, गुरू करून काम केलंत.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत पीक यावं तसं यश आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर बालेवाडीत महाराष्ट्र ओपन जिंकलात. दिविज शरणबरोबर २०१९ लाही तीच स्पर्धा तुम्ही जिंकली होती. मार्च २०२३ ला इंडियन वेल्स. मास्टर्स दर्जाची स्पर्धा त्रेचाळिसाव्या वर्षी जिंकणारा तोवर कुणी नव्हता. सप्टेंबरात अमेरिकन ओपनची अंतिम फेरी, १३ वर्षांनी दुसऱ्यांदा. ती तुम्ही राजीव राम आणि जो सॅलिस्बरी यांच्याकडून हरलात. पण तिसऱ्या सेटमध्ये एक क्षण आला. बॉल तुमच्या हाताला निसटता लागून पलीकडे गेला आणि कोर्टात पडला. पंचांना दिसलं नव्हतं. तुम्ही स्वतः सांगितलंत की लागला, आणि पॉइंट देऊन टाकलात. ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्याचा शेवटचा सेट, वय त्रेचाळीस, पुरुष दुहेरीचं एकही ग्रँड स्लॅम नावावर नाही, अशा वेळी. आमच्याकडे बारा वर्षांखालच्या सामन्यांत पंच कमी असतात, मुलं आपल्या बाजूच्या लाइनचा निर्णय आपणच देतात, आणि बाहेर उभे असलेले वडील ‘आउट म्हण’ असं खुणेने सांगतात. हे मी डोळ्यांनी पाहतो. त्या वडिलांना मी तुमचा तो पॉइंट सांगतो.

त्याच महिन्याच्या शेवटी हांगझोऊ. आशियाई खेळ. युकी भांबरीबरोबर तुम्ही पुरुष दुहेरीतून अनपेक्षितपणे लवकर बाहेर पडला होता. उरली मिश्र दुहेरी, जोडीला आमची ऋतुजा भोसले. महाराष्ट्रात वाढलेली, अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळून परतलेली, ग्रँड स्लॅमच्या मोठ्या मंचावर फारशी न दिसलेली मुलगी. अंतिम सामना चिनी तैपेईशी, आणि पहिला सेट २-६ गेला. मिश्र दुहेरीत प्रतिस्पर्धी सरळ हिशेब करतात, अनुभवी माणसाला टाळायचं आणि दुसरीवर मारा करायचा. अशा वेळी मोठा खेळाडू बऱ्याचदा सगळं कोर्ट आपल्याच अंगावर घेतो, जोडीदाराचे बॉल ओढून मारायला जातो आणि तिथेच जोडी मोडते. तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत. दुसरा सेट ६-३, सुपर टायब्रेक १०-४. सुवर्णपदक गळ्यात पडलं तेव्हा ऋतुजाच्या निमित्ताने इकडच्या कितीतरी घरांत टीव्ही लागलेले होते. दुहेरी म्हणजे काय हे आमच्या मुलींना सर्वांत चांगलं त्या दिवशी कळलं असेल. शेजारच्या माणसाला मोठं करत खेळायचं.

मग आलं मेलबर्न, उपांत्यपूर्व सामना जिंकताच निश्चित झालेला पहिला क्रमांक, पद्मश्री, आणि मार्चअखेरीस चव्वेचाळिसाव्या वर्षी मायामी. जुलैत पॅरिस ऑलिंपिकला श्रीराम बालाजीबरोबर पहिल्याच फेरीत हरल्यावर तुम्ही देशाकडून खेळणं थांबवलंत. शेवटचा सामना पॅरिस मास्टर्सचा, अलेक्झांडर बुब्लिकबरोबर, सुपर टायब्रेकमध्ये ८-१० असा गेला. कारकीर्द संपली तीही दोन पॉइंटच्या फरकाने.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. भारताचे चार जण टेनिसमध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पेस, भूपती, सानिया आणि तुम्ही. चारही दुहेरीत. १९९९ साली पेस आणि भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत खेळले आणि दोन जिंकले. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ हा देश दुहेरीत जगाच्या बरोबरीने उभा आहे. आणि तरीही आमच्याकडे दुहेरी शिकवत नाहीत. शिकवतच नाहीत!

आमच्या स्पर्धांत काय चालतं ते सांगतो. शनिवारी सकाळी एकेरीचे सामने सुरू होतात. दुपारी टेबलावर दुहेरीची वही उघडते. ज्यांना खेळायचंय त्यांनी जोडीदारासह येऊन सही करायची. एक आई विचारते, “दुहेरी खेळायलाच पाहिजे का? आमची संध्याकाळची गाडी आहे.” दुसरा मुलगा एकटाच येतो आणि म्हणतो, “सर, कुणीतरी पार्टनर द्या ना.” मी वहीत बघतो, दुसरा एकटा सापडला की दोघांची नावं एका ओळीत लिहितो. ती दोघं एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ती कोर्टावर. दोघंही बेसलाइनवर उभी राहून एकेरीसारखे टोलवत बसतात, मधून बॉल गेला की एकमेकांकडे बघतात. एकेरीत हरलेल्यांपैकी निम्मे तोवर निघून गेलेले असतात. अंधार पडायला लागला तर दुहेरीचा सेट छोटा करायचा, हे ठरलेलंच. आंतरराष्ट्रीय ज्युनियर क्रमवारीतही दुहेरीच्या गुणांचा फक्त चौथा हिस्सा धरतात, तेव्हा पालकांना दोष देऊन भागत नाही. आमचे प्रशिक्षकही असेच वाढलेले आहेत. त्यांना फोरहॅन्ड शिकवता येतो, बॅकहॅन्ड शिकवता येतो. नेटवरच्या माणसाने पहिली दोन पावलं कधी टाकायची, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

आणि तरीसुद्धा पोरं वर येतात. पुण्याचा अर्जुन कढे ऑक्टोबर २०२४ मध्ये रित्विक बोल्लीपल्लीबरोबर अल्माटीला एटीपी दुहेरीचं विजेतेपद घेऊन आला. सुपर टायब्रेक १४-१२ असा गेला होता. २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये युकी भांबरी मायकल व्हीनसबरोबर उपांत्य फेरीत खेळला. विचार करा, अर्जुन आणि युकी वाट स्वतः शोधत, तिशीच्या आसपास इथवर आले. ती विद्या त्यांना चौदाव्या वर्षी मिळाली असती तर? तुम्ही अकरा वर्षांचे असताना कुणी तुम्हाला दुहेरी शिकवली असती तर मेलबर्नला चाळिशी उलटेपर्यंत वाट पाहावी लागली नसती, असं मला वाटतं.

व्यावसायिक खेळाडूंसाठी तुम्ही ‘डबल्स ड्रीम ऑफ इंडिया’ सुरू केलात, बंगळुरूत तुमची अकादमी आहे, हे आम्हाला माहीत आहे. ते मोठं काम आहे. पण बंगळुरूला मुलगा पाठवणं सांगली-सोलापूरच्या, लातूर-नांदेडच्या घरांना परवडत नाही. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे ते मुलांसाठी नाही, आमच्या प्रशिक्षकांसाठी. बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेपासून कोर्टं उभी आहेत. एटीपी टूरची महाराष्ट्र ओपन २०२३ नंतर तिथे झालेली नाही, पण कोर्टं तर आहेत, आणि तुम्ही त्यांच्यावर दोनदा जिंकलेले आहात. तिथे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांसाठी फक्त दुहेरीचं शिबिर घ्या. एबडेनला बोटांनी काय खुणा करत होता, हरलेल्या सेटनंतर ऋतुजाशी काय बोललात, उकिडवं बसल्यावर कोणता पाय आधी उचलायचा, असल्या बारीकसारीक गोष्टी सांगा. मोठी भाषणं आमच्याकडे पुष्कळ होतात.

आणि हे सगळं लिहून ठेवा. आत्मचरित्र पुढेमागे लिहालच, ते आम्ही वाचूही. त्याआधी एक पातळसं पुस्तक लिहा, कोर्टाच्या आकृत्या काढून, दुहेरी कशी खेळावी एवढंच सांगणारं. कन्नडमध्ये, मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत निघावं. मराठीची जबाबदारी आम्ही घेतो, छपाईसाठी वर्गणी काढू.

तुमच्या शब्दाला आता संघटनेत वजन आहे. ते एका साध्या गोष्टीसाठी वापरा. ज्युनियर स्पर्धांत दुहेरीचा ड्रॉ एकेरीच्या आधी खेळवावा आणि जोड्यांची नावं प्रवेशअर्जातच घ्यावीत, असा नियम करून घ्या. पैसे लागत नाहीत, फक्त वेळापत्रक बदलावं लागतं. आमच्या क्लबने पुढच्या हंगामापासून आमच्यापुरतं हे करायचं ठरवलं आहे. पालकांना विनंती आहे, संध्याकाळची गाडी चुकवा, मुलांना दुहेरी खेळू द्या.

आमचा हंगाम पाऊस संपला की सुरू होतो. शिबिराची तारीख तुम्ही ठरवा, प्रशिक्षकांना घेऊन यायचं काम आमचं.

आपला,
कृष्णाकाठचा एक टेनिस कार्यकर्ता